फ्लॉपीवरचे कुंकू

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी नागपूरच्या एका कॉलेजात संगणकाची खोली सांभाळत असे. घरातला मी पहिला पदवीधर. ही नोकरी मिळाली याचे ऋण मला कायम वाटे, पण काम थकवणारे होते.

आमच्या संगणकाच्या पोटात प्रोग्रामने उभा केलेला एक नकली संगणक चाले. मुलांनी त्यावर स्वतःची छोटी यंत्रणा, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहायची. ती कोसळली तरी खरे यंत्र शाबूत. तो नकली संगणक सुरू करणाऱ्या आज्ञांच्या फाइली माझ्याकडे होत्या. कंपनीचा माणूस येऊन खऱ्या यंत्रात काही बदलून गेला की त्या अडत. मग त्या दुरुस्त करायच्या, सगळ्या आज्ञांसकट माहितीची पाने पुन्हा टाइप करायची, भिंतीवर टांगायची. वाचत कोणीच नसे.

"काय साहेब, पुन्हा पोथी लिहून राहिले का?" शिपाईकाका विचारत.

खंडेनवमीला आम्ही यंत्राची पूजा केली. शेवटच्या वर्षाची, नरखेडकडची एक मुलगी त्यात पुढे होती. पास झाली की ती माझ्या हाताखाली लागणार होती, आणि मी त्या दिवसाची वाट पाहत होतो.

दसरा झाला. परीक्षकांना काम दाखवायच्या आदल्या दिवशी तिने आपले काम साठवलेली फ्लॉपी यंत्रात घातली, तर ती वाचलीच जाईना. काढून पाहिली. खाचेतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर कुंकवाचे बोट उमटले होते.

"हे कोणी केलं?"

"मीच, सर." तिने फ्लॉपी माझ्या हातातून घेतली. "बाबा मोटारपंपाले लावते. माझं अवजार तं हेच नं."

"पंपाले चालते वं पोरी," काका म्हणाले. "हे नाजूक जनावर आहे."

तिची यंत्रणा आणि माझ्या आज्ञा, दोन्ही त्याच फ्लॉपीवर होत्या; दुसरी प्रत कोणी ठेवली नव्हती. उरले होते तिने छापून ठेवलेले कागद आणि माझी भिंतीवरची पाने. एक जुनी फ्लॉपी कोरी करून घेतली. मी वाचत गेलो, ती टाइप करत गेली. दुपारपर्यंत माझे डोळे चुरचुरू लागले.

मध्येच ती थांबली. "सर, हे सगळं भिंतीवरच होतं?"

"वर्षभर."

ती पुढची ओळ टाइप करू लागली. संध्याकाळी नकली संगणक उठला आणि तिची यंत्रणा आज्ञेची वाट पाहत उभी राहिली. काकांनी स्टुलावरूनच हात जोडले.

ती पास झाली आणि कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने माहितीच्या पानावर एक ओळ घातली: 'पूजेच्या दिवशी कुंकू यंत्राच्या पेटीला लावावे. फ्लॉपीला फूल वाहावे, तेही लांबून.'

ते पान मात्र मला टाइप करावे लागले नाही.