लाल न केलेला कांदा

तिसऱ्या दिवशीही मडमची सूपची प्लेट जशीच्या तशी परत आली. वर चरबीची साय धरली होती.

मी तेव्हा कर्जतला, रेल्वेच्या एका इंजिनियरसाहेबांच्या बंगल्यावर खानसामा होतो. खानसामा म्हणजे किचनचा मुख्य. साहेबलोकांच्या चुलीपुढे माझी पंधरा वर्षं गेली होती. मडमचं पहिलं मूल दोन दिवसांचं होऊन गेलं, तेव्हापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. डॉक्टर म्हणाले, "औषध नको. पोटात अन्न जाऊ दे." मी सूप आलं घालून केलं, लवंग-दालचिनी घालून केलं. वास आला की त्या तोंड फिरवत.

"हसन, कायतरी कर," साहेब म्हणाले. हुकूम देणारा माणूस, पण तो हुकूम नव्हता.

मडमची आई फ्रान्सची. बाळंतपणासाठी बोटीने निघालेल्या, पोचल्या त्या सगळं आटोपल्यावर. चौथ्या दिवशी सकाळी त्या सरळ किचनमध्ये आल्या. आमच्या बंगल्यात बाईमाणूस किचनचा उंबरा ओलांडत नसे. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "मिरप्वा."

मी मिऱ्यांची डबी पुढे केली. त्यांनी मान हलवली आणि मला बागेत घेऊन गेल्या. विहिरीजवळच्या वाफ्यातल्या हिरव्या दांड्या खुडायला लागल्या. आमचा माळी धोंडू, कळंबचा, बघतच राहिला.

"धोंडू, हे काय रं?"

"मडमनं लावलंय. कोथिंबिरीवानी दिसतं, पन लय उग्र. आमी नाय खात."

ती सेलरी. पुण्याहून गाडीने आलेली गाजरं होतीच. कांदा घरचा. बाईंनी दोन मुठी कांदा, एक मूठ गाजर, एक मूठ सेलरी असा वाटा केला, तेच त्यांचं मिरप्वा, आणि सगळं हरभऱ्याएवढं चिरायला बसवलं मला. एखादा तुकडा मोठा झाला की बोटाने बाजूला सारत. मग चुलीतली लाकडं ओढून नुसते निखारे ठेवले. पातेल्यात लोणी, त्यात भाजी, वर झाकण.

मी सवयीने लाकूड आत सरकवलं. लोणी चुर्र झालं. बाईंनी माझ्या हातावर चापट मारली, कानाला हात लावला आणि बोट ओठांवर ठेवलं. आवाज येता कामा नये, असा अर्थ. कांदा लाल न करताही चव येते, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

त्या पाऊण तास तिथून हलल्या नाहीत. मधूनमधून झाकण उचलायचं, लाकडी डाव फिरवायचा, पुन्हा झाकायचं. एवढ्या प्रवासाने थकलेली, नातवाचं तोंडही न बघितलेली बाई, पण हात कुठे घाईला आला नाही. मी उभा राहून तो हातच बघत होतो.

शेवटी त्यांनी डावाच्या टोकावर थोडं माझ्यापुढे धरलं. कांदा काचेसारखा झाला होता. मी जिभेवर ठेवलं. साखर नाही, मसाला नाही, तरी इतकं गोड, इतकं खोल! हे कांद्याच्या पोटात होतं आणि पंधरा वर्षं मी ते जाळत आलो होतो. मला लाजही वाटली आणि अंगावर काटाही आला.

त्यावर त्यांनी कोंबडीच्या हाडांचं पाणी ओतलं, तासभर मंद ठेवलं, गाळलं. प्लेट मी नेली. मडमनी तोंड फिरवलं नाही. एक चमचा घेतला, डोळे मिटले.

"मामाँ आली का किचनमध्ये?" त्यांनी विचारलं.

"जी. सकाळपासून."

प्लेट रिकामी परत आली. दाराआड साहेब उभे होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि नुसती बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी डाव माझ्या हाती दिला. माझी पहिली खेप करपली, दुसरी पाणचट झाली, तिसरी त्यांनी चाखली आणि सरळ मुलीकडे पाठवली.

पुढे मी बऱ्याच बंगल्यांवर काम केलं, माणसं हाताखाली घेतली. नव्या माणसाला मी मसाल्याचा डबा देत नाही. कांदा देतो, निखाऱ्यावर पातेलं देतो आणि समोर बसतो. दहात नऊ जण लाकूड सरकवतातच.