विहिरीतला संत अंतोनी

माझ्या नातवंडांनो,

गेल्या नाताळात तुम्ही सगळे सांडोरला आला होता. जेवणं आटोपल्यावर तुमच्या मामाने ती गोष्ट पुन्हा एकदा सांगितली: तुमच्या पणजीने संत अंतोनीच्या काखेतून दोर घालून त्याला विहिरीत कसं सोडलं. कोणाचा बाप्तिस्मा असो की लग्न, तो ती सांगतोच, तीही पणजीचा आवाज काढून. तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मीही हसले.

पण ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी मी मुलांना-नातवंडांना सांगितली नव्हती आणि सांगायचा विचारही नव्हता. मग मागच्या आठवड्यात तुमच्यापैकी एकाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि शेवटी म्हणालं, "आजी, हल्ली सकाळी उठून काय करायचं तेच कळत नाही." मी नेहमीसारखं "नीट जेव, प्रार्थना कर" असं सांगून फोन ठेवला. ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले. ते वाक्य मी याच घरात, जवळजवळ याच शब्दांत ऐकलं होतं. कोण बोललं ते लिहीत नाही. सगळ्यांनी वाचा.

सुरुवात मी इंग्रजीत केली होती, तुम्हाला सोपं जावं म्हणून. पण इंग्रजीत माझ्या सासूबाई फार सभ्य बोलू लागल्या. म्हणून ती पानं फाडली. त्या आमच्या गावची बोली बोलत. ती तुम्हाला कळणार नाही, म्हणून साध्या मराठीत लिहिते. त्यांचे शब्द थोडे मवाळ झालेत, एवढं धरून चाला.

नव्वदीच्या दशकातल्या मधल्या वर्षांत आमच्या विहिरीचं पाणी खारं झालं.

त्या काळात पूर्वेला, फुलपाड्याच्या बाजूला, इमारतीमागून इमारती उठत होत्या आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. आमच्या गोड विहिरींवर टँकर येऊन उभे राहू लागले. गोड पाणी फार उपसलं की त्याच्या जागी जमिनीखालून समुद्र सरकतो. एका उन्हाळ्यात तुमच्या आजोबांनीही टँकरवाल्याला हो म्हटलं. घराची कौलं बदलायची होती. एकच उन्हाळा. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. पण राजोडीकडच्या विहिरी तोवर खाऱ्या होऊन गेल्याच होत्या, आणि मग आमचीही गेली.

आधी चहा नासू लागला. मी दूधवाल्याशी भांडले. मग डाळ शिजेना. एक दिवस सासूबाई भातात मीठ घालायला विसरल्या आणि जेवताना ते कोणालाच जाणवलं नाही. तेव्हा सगळ्यांना कळलं.

"चला, मीठ आणायचं वाचलं," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही हसलो. तुमचे आजोबा ताटावरून उठून वाडीत गेले.

वाडीत राजेळी केळी होती. त्यांच्या आजोबांनी लावलेल्या बुंध्यांची ती पिल्लांची पिल्लं. पानांच्या कडा करपू लागल्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. लोंगर बाहेर पडायचे आणि केळी बोटाएवढी झाली की थांबायची. आजोबा रोज एकेका झाडाला हात लावून यायचे. घरात कोणी टँकरचं नाव काढलं नाही, पण तेच म्हणाले, "मीच समुद्राला फाटक उघडून दिलं."

तुम्ही त्यांना थोडेच दिवस पाहिलंत, तेही म्हातारपणी. तेव्हाचा माणूस वेगळा होता. संध्याकाळची रोझरी तेच सांगायचे, आणि मुलं पेंगायला लागली की पुढची नमो मरिया एकदम मोठ्याने म्हणून त्यांना दचकवायचे. सासूबाई रागवायच्या. रोझरी संपली की मुलं रांगेने आशीर्वाद मागायला यायची. ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि मामाचं नाकही पिरगळायचे.

तो माणूस दाढी करीनासा झाला. रोझरीला येईनासा झाला. घरातल्या आल्तारासमोर आमची रोझरीची चटई अंथरली की ते पडवीतून उठून विहिरीवर जायचे आणि पाय आत सोडून काठावर बसायचे. मग दिवसभरही तिथेच बसू लागले. एका सकाळी शाळेला निघताना मी विचारलं, "आज काय करणार?"

"सकाळी उठून काय करायचं तेच कळत नाही," ते म्हणाले. खाली पाण्याकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "खाली किती शांत असेल."

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. मधल्या सुट्टीत मी पळत घरी आले. ते होते. दुसऱ्या दिवशीही पळत आले. मुलांना सांगितलं की बाबांना चक्कर येते, त्यांना एकटं सोडू नका. कोण कधी त्यांच्याजवळ बसणार हेही ठरवून दिलं. मी तशीच आहे, संकट आलं की वेळापत्रक करते. पण मुलंच ती. मांजर दिसलं की उठायची. चर्चमध्ये फादरांना सांगावं असं मनात यायचं आणि पायरीवरून परत फिरायचे. मोठ्याने बोललं तर खरं होईल, असं वाटायचं. देवाशी बोलायला माझ्याकडे पूर्वी चांगली चांगली वाक्यं होती. त्या दिवसांत एकही कामाला येईना. रोझरीत माझे ओठ हलायचे आणि कान विहिरीकडे असायचे, पाण्याचा आवाज येतो का ते ऐकत.

अशातच एका मंगळवारी शाळेतून आले तर आल्तारावर मधली जागा रिकामी. संत अंतोनीची लाकडी मूर्ती, हातभर उंचीची, सासूबाईंनी माहेराहून आणलेली, ती नव्हती. विहिरीवर गेले. आजोबा काठावर नेहमीच्या जागी होते. शेजारी सासूबाई, लाल लुगड्याचा काचा मारून, गडगड्याचा दोर खांबाला बांधत होत्या. मी वाकून पाहिलं. खाली, पाण्याच्या वीतभर वर, संत अंतोनी गोल गोल फिरत होता.

"आई, हे काय?"

"शिक्षा," त्या म्हणाल्या. "हरवलेलं शोधून देतो म्हणतात ना? पाणी हरवलंय. दे म्हणावं शोधून. तोवर वर येणार नाही."

त्यांच्या माहेरी ही रीत होती. म्हैस हरवली, बांगडी हरवली की अंतोनीला भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. फारच मोठं काही असेल तर विहिरीत. मी सुशिक्षित, मला लाज वाटली. शेजारच्या बाया पाणी बघायच्या निमित्ताने येऊन आत डोकावून जाऊ लागल्या. शेवटी फादरच आले. त्यांनी काठावर हात टेकून बराच वेळ खाली पाहिलं.

"आजी," ते म्हणाले, "संतांना सर्दी होईल."

"याने माशांना प्रवचन दिलं होतं असं तुम्हीच सांगितलंत, फादर," सासूबाई म्हणाल्या. "उभा राहून घसा सुकला असेल. आता जरा पाण्याजवळ राहू दे."

फादरांनी तोंडाला रुमाल लावला. विहिरीवर पवित्र पाणी शिंपडलं, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

मामाची गोष्ट इथे संपते. तो तेव्हा लहान होता, त्याला एवढंच आठवतं.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हटलं, "आई, लोक हसतात. आधीच घरात काय चाललंय, त्यात हे. मूर्ती वर काढा."

त्या विळीवर मांदेली साफ करत होत्या. वर पाहिलं नाही.

"पाणी गोड होणार नाही, ते मलाही कळतं गो," त्या म्हणाल्या. "पण तो आत आहे तोवर माझा पोरगा आत जाणार नाही. संताच्या डोक्यावर पाय द्यायला मी त्याला शिकवलेलं नाही."

मी तिथेच पाटावर बसले. इतके दिवस मला वाटत होतं की ही भीती माझ्या एकटीची आहे.

"आणि गेला तर?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मला दुसरं काही सुचलं नाही. तुला सुचतंय?"

मी त्यांच्या शेजारी बसून मांदेलीची डोकी काढू लागले. आम्ही दोघी रडलो नाही. मासळीचे हात डोळ्यांना लावता येत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोझरीची चटई विहिरीपाशी अंथरली. संत तिथे, म्हणून आम्हीही तिथे, असं सासूबाईंनी मुलांना सांगितलं. आजोबा आमच्याकडे पाठ करून काठावर बसलेले असायचे. आम्ही त्यांच्या पाठीकडे बघून नमो मरिया म्हणायचो. ते उत्तर देत नसत. मध्येच मुलांना डास चावायचे, तुमची आई मामाला चापट मारायची, आणि ती डासाला मारली की भावाला, यावरून भांडण व्हायचं. मी डोळे मिटायचे नाही. कित्येक संध्याकाळी त्या पाठीवरून एक क्षणही नजर काढली नाही. तीच माझी प्रार्थना होती. तिला शब्द नव्हते.

रोझरी झाली की सासूबाई संताला वर ओढायच्या, लुगड्याच्या पदराने पुसायच्या, "सापडलं काही?" असं विचारायच्या आणि दोराच्या त्याच गाठीपर्यंत परत खाली सोडायच्या.

मग अमावास्या आली, मोठ्या भरतीची. आम्ही वाडीवाले. भरती-ओहोटी, उधाण हे सगळं कोळ्यांनी बघायचं, आमच्यात कोणाला त्याची आठवणही नसते. आमच्या विहिरीचा उधाणाशी काही संबंध असेल, हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या संध्याकाळी रोझरी संपल्यावर सासूबाईंनी दोर ओढला, तर तो जड लागला. संत वर आला तो कमरेपर्यंत ओला. झग्याचा तपकिरी रंग ओघळून पायांवर उतरला होता आणि खालून पांढरं लाकूड दिसत होतं.

सासूबाईंच्या हातातून दोर सुटता सुटता राहिला. "बाळ," त्या म्हणाल्या. "बाळ भिजलं का?"

संत अंतोनीच्या हातावर बाळ येशू असतो, तुम्ही पाहिलाच आहे. त्यांच्या माहेरच्या रीतीत शिक्षा देताना बाळाला आधी काढून घेत. आमच्या मूर्तीत बाळ त्याच लाकडातून कोरलेलं, ते निघत नव्हतं. आणि रागाच्या भरात त्या ते विसरूनच गेल्या होत्या. इतके दिवस देवाचा पोर खाऱ्या विहिरीत लोंबकळत होता. त्या खरोखर घाबरल्या. पदराने बाळाचे पाय पुसत "चुकले रे, चुकले रे" म्हणू लागल्या. बाळ कोरडं होतं.

पाठमोऱ्या माणसाचा आवाज आला. "आई, अंतोनीला शिक्षा, ते ठीक. पोराने काय केलं होतं?"

तुमच्या आजोबांचे खांदे हलत होते. ते हसत होते. हसता हसता त्यांनी तोंड हातांत घेतलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. मुलं घाबरली. मी जाऊन त्यांना काठावरून मागे ओढलं, दोन्ही हातांनी, आणि ते ओढले गेले.

बऱ्याच वेळाने त्यांनी मूर्ती हातात घेतली आणि पांढऱ्या रेषेवरून बोट फिरवलं.

"काल याचे पाय कोरडे होते?"

"कोरडे," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे पाणी चढलं. उधाणाबरोबर चढलं." ते विहिरीत बघत होते, पण आता शेतकरी बघतो तसे. "समुद्र आता इथे येतो-जातो. माझ्या एका टँकरने एवढा ओढला नसता."

"तेच तर शोधून दिलं त्याने," सासूबाई ताबडतोब म्हणाल्या. अंतोनीची बाजू त्यांनी लगेच सावरून घेतली. दुपारपर्यंत त्या त्याला नालायक म्हणत होत्या.

आजोबांनी संताला स्वतः घरात नेलं आणि आल्तारावर ठेवलं. मुलं सवयीने हात जोडून त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी डोक्यावर हात ठेवले. नाक पिरगळलं नाही. ते पुढच्या वर्षी.

सगळं एका संध्याकाळी बरं झालं असं मी लिहिणार नाही. तुमच्यातलं जे कोणी सकाळी उठू शकत नाही, त्याला ते खरं वाटणार नाही. त्यानंतरही ते कित्येकदा विहिरीवर जाऊन बसले आणि मी कित्येकदा शाळेतून पळत आले. फरक एवढाच की एके दिवशी मी फादरांना सगळं सांगितलं, मग आजोबांना घेऊन डॉक्टरकडेही गेलो. सासूबाई, मी, फादर, डॉक्टर, असे चौघे झालो. केळी आजोबांनी स्वतःच्या हाताने तोडली. तोडताना मी जवळ उभी होते. नारळ थोडं खारं पाणी सोसतो, म्हणून त्या जागी नारळ लावले. त्यातले बरेच मेले.

आता सासूबाई नाहीत, तुमचे आजोबाही नाहीत. ते अंथरुणात, झोपेत गेले, खूप वर्षांनी, नातवंडं पाहून.

नाताळात तुमच्यापैकी कोणीतरी विचारलं होतं की आल्तारावरचा अंतोनी कमरेखाली पांढरा का आहे. रंगवून देतो असं मामा म्हणाला, मी नको म्हटलं. फोन करायचा असेल तर कधीही करा, मी आता फोन लवकर ठेवणार नाही.

विहिरीचं पाणी अजून खारं आहे. नारळाची सात झाडं उभी आहेत. संध्याकाळी रोझरी होते, एकटीची. खारं पाणी शिवलेला अंतोनी आल्तारावर आहे, आणि बाळ त्याच्या हातावर आहे.