यंदा मले जिवंत छापजा

मालतीबाईंच्या टायपिंग क्लासमध्ये मी दोन वर्षं बोटांवर पट्ट्या खाल्ल्या, तेव्हा त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे. बऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेत लोटूभाऊंच्या दूध डेअरीच्या माडीवर त्यांचा क्लास. आठ टाइपरायटर, आणि आठही बिनटॅबचे. ओळीच्या सुरुवातीला एका दाबात जागा सोडणारं ते बटण बाईंनी पकडीनं उपटून टाकलं होतं. परीक्षेला कसलं मशीन वाट्याला येईल सांगता येत नाही, जागा मोजून सोडा, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षांत माझ्या हातून चुकीचा कागद बाहेर गेला नाही, हे त्या दिवसातून दोनदा ऐकवायच्या. मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा, कारण ते खरं होतं.

बऱ्हाणपूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मुली कॉम्प्युटर शिकायला पळू लागल्या, म्हणून बाईंनीही एक कॉम्प्युटर आणला. त्याच दिवशी त्याचंही टॅबचं बटण उपटलं.

त्याच आठवड्यात धूलकोटचे चुडामण पाटील जिना चढून आले. हे दरवर्षी आपल्या मळ्यात केळीचा मेळा भरवायचे. आदल्या साली पत्रकं एका हिंदी छापखान्यात छापली होती आणि त्या छापखान्यात ळ नव्हता. वर ‘चुडामण पाटील’ आणि खाली ‘केली मेला’. पत्रक रावेरकडच्या नातेवाइकांच्या हाती पडलं. मधल्या ‘केली’चा अर्थ लावत कोण बसतो? माणसं रडत ओरडत धूलकोटला पोहोचली, तेव्हा चुडामणभाऊ ओट्यावर दाढी करत होते. देडतलाईला लेकीकडे गेलेली त्यांची म्हातारी आई, गोदाबाई, तर दोन दिवस अन्नाला शिवली नाही. लेक समोर जाऊन उभा राहिला तरी ती त्याला चाचपून बघत होती.

“बाई,” चुडामणभाऊ म्हणाले, “बाकी काही बी चुको, यंदा मले जिवंत छापजा.”

बाईंनी शब्द दिला. टाइपरायटरवर ळ होता, पण मुंगीएवढा. कॉम्प्युटरवरच्या हिंदी लिहायच्या प्रोग्राममध्ये तोही नव्हता. मेळ्याला नऊ दिवस होते.

बाईंचा भाचा रमेश इंदूरला कॉम्प्युटरच्याच कामात होता. त्यानं एक मराठी प्रोग्राम सीडीवर पाठवला. फुकट होता, पण तयार नव्हता. म्हणजे पापडाचं पीठ मळून दिलेलं, लाटायचं आपल्या घरी. कुठला तुकडा कशाला जोडायचा हे कॉम्प्युटरला सांगणारी चाळीस ओळींची एक फाइल होती, आणि नेमकी तेवढीच सीडीवर ओरखडा पडून वाया गेली होती. रमेशनं ती कागदावर छापून टपालानं धाडली. चाळीस ओळी म्हणजे बाईंना चहा निवायच्या आतलं काम. त्यांनी टाइप केली आणि हुकूम सोडला.

कॉम्प्युटर म्हणाला, एक सामान कमी आहे. ते सीडीवर सापडलं. मग म्हणाला, दुसरं कमी आहे. तेही सापडलं. तिसऱ्यांदा मात्र इंग्रजीत लिहून आलं की बाराव्या ओळीवर सेपरेटर नाही, थांबा.

आता इतवाऱ्यात सेपरेटर म्हणजे दुधातून साय काढायचं मशीन, दुसरं काही नाही. लोटूभाऊंच्या कानावर गेलं आणि ते आपलं मशीन खांद्यावर घेऊन वर आले. बाईंसारख्या बाईंनी ते बाजूला ठेवून घेतलं आणि याची वायर कुठं लावायची, असं गंभीरपणे विचारलं. वायर नव्हतीच, ते हातानं फिरवायचं होतं. दोन दिवस ते कॉम्प्युटरशेजारी उभं राहिलं. आम्ही एकदा फिरवूनही पाहिलं. खोलीला सायीचा वास आला, बाकी काही नाही.

मग इंदूरला फोन. बाईंनी चाळीसही ओळी अक्षर न् अक्षर वाचून दाखवल्या, मी समोर कागद धरून. एक टिंब चुकलेलं नव्हतं. मग रमेशनं विचारलं, की ओळींच्या सुरुवातीची जागा कशानं सोडली? बाई म्हणाल्या, हातानं, मोजून आठ.

“आत्या, तिथं टॅबच लागतो. तोच त्याचा सेपरेटर.”

“दिसतं तर सारखंच.”

“आपल्याला सारखं दिसतं. त्याला नाही.”

बाईंनी फोन ठेवला. आम्हा सगळ्या मुलींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागं त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि बटणाच्या जागी उरलेल्या खुंटावर टोचला. नऊ ओळी, नऊ टोचे, आम्ही मोजले. कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुरत राहिला. मग बाई म्हणाल्या, “फिरा इकडं.” पडद्यावर बोटाएवढा ळ होता. त्याच्याशेजारी उभं राहून बाईंनी आम्हाला सांगितलं की चूक त्यांची होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

पत्रकं झाली, गावोगाव गेली. कागदावर चुडामणभाऊ ठणठणीत जिवंत होते.

मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जिना चढून आले. पेढे आणले होते, पण चेहरा उतरलेला. बाईंनी विचारलं, ळ बरोबर होता ना?

“ळ एक नंबर होता,” ते म्हणाले. “पिछल्या साली मेलो होतो तं दोन ट्रॅक्टर भरून मानसं आली, बाई. यंदा जित्ता आहे तं एकवीस. त्यातल्या नऊ तुमच्या पोरी.” मग खाली बघत म्हणाले, “पुढच्या साली जुनाच ल ठेवला तं?”

कोणी हसलं नाही. बाईंनी त्यांच्यापुढं खुर्ची सरकवली आणि लोटूभाऊंना खाली चहा सांगायला मला पाठवलं. मी जिन्यात असताना बाईंचा आवाज ऐकला.

“पुढच्या साली मी ट्रॅक्टर घेऊन येते. पण तुम्हाला मी मारणार नाही.”