हाताला न लागणारे जोड

"मंदा गेली गं..." दादाचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर उभी होते. वहिनी दवाखान्यातून बरी होऊन येणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. कामरगावला पोचले तर दुकानाचं शटर ओढलेलं. दादाचं ते फॅब्रिकेशनचं दुकान. वेल्डिंग दादा करायचा आणि ग्राइंडर वहिनीच्या हातात असायचा. सुरुवातीला लोक नुसते बघायला थांबत; पुढं गेटचं काम घेऊन आले की तिलाच शोधत.

काही वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं आईची नजर गेली आणि पडायच्या भीतीनं ती खाटेवरून उठेनाशी झाली. वहिनीनं ठरवलं, खाटेपासून अंगणातल्या नळापर्यंत स्टीलचा कठडा करायचा. कठडा उभा राहिला. आईनं हात ठेवला, चार पावलं टाकली आणि हात झटकन मागं घेतला. वेल्डिंगच्या जोडाशी तळव्याला ओरखडा उठला होता. "मले नाही धरनं ते. मी आपली खाटीवरच बरी," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. पुढं त्या जोडांवर तांबूस ठिपकेही दिसू लागले.

दुसरी कुणी कापड गुंडाळून मोकळी झाली असती. वहिनी उरलेला पाइपचा तुकडा पिशवीत टाकून कारंज्याला गेली. "भाऊ, माह्या सासूचा हात याच्यावरून सरकला पाहिजे. घासायले ग्राइंडरची कोनती डिस्क देता?" हार्डवेअरवाल्यानं तिथंच तुकडा घासून दाखवला. दगडासारखी जाड डिस्क वेल्डिंगचा फुगवटा काढते, पण खोल चरे ठेवते. त्यावर सँडपेपरच्या पाकळ्यांची डिस्क फिरवायची, आधी जाड दाण्याची, मग बारीक. आणि ठिपके? लोखंडावर वापरलेलीच डिस्क स्टीलला लावली होती; लोखंडाचे कण स्टीलमध्ये बसून गंजले होते.

मी तेव्हा माहेरीच होते. वहिनी आली ती हसतच. "ताई, चूक डिस्कची होती, मायची नाही." मग तिनं एकेक जोड पुन्हा घासायला घेतला. डिस्क बदलली की आईचा हात धरून जोडावर ठेवायची. "लागते काय, माय?" "लागते थोडं." पुन्हा ग्राइंडर सुरू. शेवटी आई काही बोललीच नाही... हात सरकत गेला, मागून पाय, आणि ती नळापाशी पोचली. "पानी सोड वं मंदा, तोंड धुतो."

वहिनीचे दिवस झाले तरी दादा दुकान उघडेना. एका सकाळी आईच म्हणाली, "दिलीप, कठडा नळापाशीच कायले संपवला? मले रस्त्यावर बायांमधी जाऊन बसाचं हाये. मंदा करनार होती, राह्यलं. आता तू कर."  दादा उठला आणि त्यानं दुकानाचं शटर वर केलं.

आत वहिनीनं स्टीलच्या डिस्का वेगळ्या डब्यात ठेवलेल्या. झाकणावर तिच्या अक्षरात खडूनं लिहिलेलं, 'लोखंडाले लावू नका'. मागच्या रविवारी मी गेले, तेव्हा कठडा फाटकापर्यंत आला होता आणि बाहेरच्या बाया आईसाठी जागा करून बसल्या होत्या. शेवटचा जोड घासून दादानं आईचा हात त्यावर ठेवला. तिनं बोटं फिरवली. "अजून जरासं..." दादा हसला. वहिनी गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्यानं तो डबा उघडला आणि आणखी बारीक दाण्याची डिस्क काढून ग्राइंडरला चढवली.