भिजलेल्या दोरीसाठी चाकू

शाळेत माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अकरा चाकू आहेत. सगळे जप्त केलेले. एकाची मूठ सापाच्या तोंडाची, एक महाबळेश्वरच्या सहलीतून आलेला, एक नेलकटरच्या पोटातून निघणारा. वर्ष संपलं की पालकांनी येऊन घेऊन जावेत असा नियम आहे, पण कोणी येत नाही, कारण आलं तर माझं भाषण ऐकावं लागतं. मी विज्ञान शिकवतो, पण पोरांना आठवतं ते माझं भाषणच.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात माझीच पंधरा वर्षांची लेक जेवताना म्हणाली, "पप्पा, मला एक चाकू पाहिजे," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"घरात चार आहेत," मी म्हणालो.

"तसला नाही. खिशात मावेल एवढा, पण मिटणारा नको. चांगला पाहिजे. आणि पावसाळ्याच्या आत पाहिजे."

मी नाही म्हणालो. नुसतं नाही म्हणून थांबलो असतो तर मी शिक्षक कसला! वय, जबाबदारी, मोबाईलवर दिसणारी भलतीसलती चित्रं, सगळं काढलं. ती ऐकत होती. माझं झाल्यावर तिने ताट उचललं आणि जाता जाता शांतपणे म्हणाली, "दोरी कापायला पाहिजे, पप्पा."

कसली दोरी, हे आमच्या घरात कोणालाच विचारावं लागत नाही.

मोठा पूर आला त्या वर्षी आम्ही तुडीलला, गावच्या घरी होतो. शाळा बंद, शिकवणं मोबाईलवर, मग महाडला भाड्याच्या खोल्यांत कोंडून बसायचं कशाला? लेक तेव्हा अकरा वर्षांची. तिने एक शेळी पाळली होती, तपकिरी, एक कान पांढरा. तिने ठेवलेलं नाव मी इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. शेळी अंगाने बारीक आणि अकलेने भारी. मी खुंट्याला सुरगाठ मारायचो, एक टोक ओढलं की सुटेल अशी. ते टोक दातात धरून ओढायचं हे ती आठ दिवसांत शिकली. सुटली की शेजारच्या काकूंच्या अबोलीवर तुटून पडायची, आणि काकू माझ्यावर.

पुराच्या आदल्या दिवशी काकूंनी मला अंगणात उभं करून असं काही सुनावलं की माझं डोकंच फिरलं. नायलॉनची नवी दोरी काढली आणि गळ्याकडे आणि खुंट्याकडे, दोन्ही टोकांना निरगाठी मारल्या. एकीवर एक. गुडघा लावून ओढल्या. "आता सोड बघू," असं शेळीला म्हणालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्री नदीचं पाणी खालून आलेल्या खाडीच्या भरतीला भिडलं आणि तासाभरात अंगण दिसेनासं झालं. गावातली माणसं ओरडत होती, वरच्या आळीत चला. मी कागदपत्रांची पिशवी डोक्यावर घेतली, बायकोने औषधांची. लेक कुठेय म्हणून मागे वळलो, तर ती गोठ्यात. पाणी तिच्या कमरेला. नखांनी गाठ सोडवत होती. मी तिला मागून उचललं. ती पाय झाडत ओरडत होती, "एक मिनिट पप्पा, सुटतेय! एकच मिनिट!"

मी ते मिनिट दिलं नाही. गाठीला हातसुद्धा लावला नाही. घरात कोयता होता, विळी होती. पण कोयता माळ्यावर आणि विळी पाण्याखाली, आणि खरं सांगायचं तर दोन्हींची आठवण मला चार दिवसांनी झाली.

त्याच आठवड्यात वर तळीयेला दरड आली. माणसं गेली, घरंच्या घरं गेली. सगळ्या तालुक्यात रडणं होतं. अशा वेळी शेळीसाठी कोण रडणार? लेकही रडली नाही. अकरा वर्षांच्या पोरीलाही कळलं होतं की आपलं दुःख आत्ता काढण्यासारखं नाही. ते तिने आत ठेवलं आणि मग ते तिथेच राहिलं. शेळीचं नाव तिने पुन्हा घेतलं नाही, म्हणून आम्हीही नाही.

फक्त एक खोड लागली. घरात कुठलीही गाठ दिसली की ती सोडवत बसायची. मिठाईच्या पुड्याचा दोरा, तांदळाच्या गोणीचं तोंड, माझ्या चपलेच्या पिशवीचा बंद. कोणी कात्री आणली तर चिडायची. "थांब, सुटते," म्हणायची. मी ते बघायचो आणि वर्तमानपत्रात तोंड घालायचो. बाहेर पोरांना तासभर भाषण देणारा माणूस घरात चार वर्षं एक वाक्य बोलू शकला नाही.

आमच्याकडे आता जून लागला की दाराशी एक पिशवी भरून ठेवतात. बॅटरी, कागदपत्रं, औषधं, सुके कपडे. घरोघर असते. आमची पिशवी लेक भरते. तिला चाकू हवा होता तो त्या पिशवीसाठी.

"घेऊन टाका," बायको म्हणाली. "दोन वर्षं पोरगी विळीवर बसून नारळ खवतेय, कोथिंबीर चिरतेय. विळीचं पातं केवढं असतं बघितलंय कधी? तेव्हा नाही भीती वाटली तुम्हाला."

"विळी खिशात घालून कोणी फिरत नाही," मी म्हणालो.

"ती चाकू घालून फिरणार नाहीये. तुम्हाला चाकूची भीती नाही वाटत. कशाची वाटतेय ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे."

बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो, विशेषतः ती बरोबर असते तेव्हा. मी मोबाईल घेऊन बसलो. आठवडाभर मी चाकूंवर जितकं वाचलं तितकं बी. एड.ला वाचलं असतं तर आज मुख्याध्यापक असतो. न गंजणारं पोलाद, गंजणारं पण धार धरणारं पोलाद, अमुक मूठ, तमुक म्यान. स्वस्त होते ते खणातल्या अकरांच्या जातीचे, आणि चांगले होते त्यांचा भाव बघून मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. शेवटी कापड्याहून सासऱ्यांचा फोन आला. त्यांच्या कमरेला जन्मभर कोयती, त्यांना माझ्या अभ्यासाचं हसू आलं. म्हणाले, "पोलादपुरात लोहार हाय की आपला. पोरीला घेऊन जावा. हात बघितल्याबिगर मूठ व्हते काय?"

रविवारी दोघं स्कूटरवरून गेलो. लोहार सत्तरीचा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

"काय कापायचा हाय गो तुला?" त्याने लेकीला विचारलं.

"दोरी. भिजलेली."

"सुंभाची का नायलॉनची?"

"नायलॉनची."

त्याने मान हलवली. चार वर्षांत त्या दोरीविषयी इतकं सरळ तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. मला लाज वाटली.

"मंग धार लय गुळगुळीत नाय ठेवायची. नायलॉन सरकतो तिच्यावरनं. जरा खरखरीत ठेवतो." तिची मूठ त्याने सुतळीने मोजली, सुतळीला खूण केली. मी मध्ये तोंड घातलं, की मिटणारा असता तर जास्त सुरक्षित नाही का? त्याने आता कुठे माझ्याकडे बघितलं.

"सर, तुमचं हात कधी पाण्यात गारठल्यात? मिटलेला चाकू ओल्या हातानं उघडत नाय. पोरीचं बराबर हाय."

पुढच्या रविवारी चाकू तयार होता. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून काढलेलं बोटाएवढं पातं, शिसवी मूठ, मुठीला भोक पाडून त्यात मनगटात अडकवायची वादी, कातड्याचं म्यान. खिशात मावेल एवढाच. लेकीने हात पुढे केला तर त्याने तो तिच्या हातात दिला नाही, ऐरणीवर ठेवला. "धार हातात देत नाय. भांडण व्हतं. उचल तुझी तू."

तिने उचलला. मूठ हातात अशी बसली की ती हसली.

घरी आल्यावर मला वाटलं, चाकू पिशवीत जाईल आणि विषय संपेल. तिने न्हाणीघरात बादली भरली, दुकानातून आणलेली नायलॉनची दोरी भिजवली आणि गॅलरीच्या गजापाशी आणून माझ्या हातात दिली.

"गाठ मारा, पप्पा. तशीच."

माझ्या हातातून पाणी गळत होतं. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. "ती गाठ मी मारली होती गं," मी म्हणालो. "रागाने. गुडघा लावून ओढली होती."

तिने माझ्याकडे असं बघितलं जणू मी वर्गात उगाच सोपा प्रश्न विचारलाय. "तुम्हीच बांधायचात ना रोज. दुसरं कोण बांधणार?" मग तिचा आवाज बारीक झाला. "पण मला सुटली नाही ना. सैल होत होती. मी आधी गेले असते, किंवा जोर लावला असता तर…"

चार वर्षं मी माझीच चूक कुरवाळत बसलो होतो आणि ही पोर तिची. मी गजाला निरगाठ मारली, तिच्यावर दुसरी, आणि गुडघा लावून ओढली. मग म्हणालो, "थांब. आधी मी सोडवून बघतो."

नखांनी सुरुवात केली. मग पेनाच्या टोकाने, मग दातांनी. अंगठ्याचं नख मुळापासून दुखावलं. कोरड्या गॅलरीत, उजेडात, भरल्या पोटी, गडीमाणसाची बोटं, आणि गाठ तसूभर हलली नाही. बायको येऊन दारात उभी राहिली. लेक माझ्या बोटांकडे टक लावून बघत होती. दहा मिनिटं झाली असतील.

"तुम्हालाही नाही सुटत," ती म्हणाली.

"नाही सुटत."

"त्या दिवशी मला अजून एक मिनिट मिळालं असतं तर?"

"अर्धा तास मिळाला असता तरी नसती सुटली, बाळा. ती कोणालाच सुटली नसती."

तिने खालचा ओठ दातात धरला, आणि मग शेळीचं नाव घेतलं. एकदा, हळू, हाक मारल्यासारखं. ते तिचं आहे, म्हणून इथे लिहिलं नाही. मग ती रडली, अकरा वर्षांची असताना रडायला हवी होती तशी, हुंदके देऊन, माझ्या ओल्या शर्टात तोंड घालून. मीही रडलो. बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता कापा तरी ती दोरी."

मी चाकू म्यानातून काढला आणि फरशीवर ठेवला. लेकीने मुद्दाम बादलीत दोन्ही हात बुडवले, वादी मनगटात अडकवली आणि तसाच ओल्या हाताने चाकू उचलला. पातं स्वतःपासून दूर धरून एकदाच ओढलं. दोरी तुटून खाली पडली.

गाठ गजाला तशीच राहिली. वाळत घातलेले कपडे तिच्यात अडकतात म्हणून बायको रोज कुरकुरते. लेक तिथून येते जाते, पण ती सोडवायला बसत नाही.