दुसरी चिठ्ठी

छाया माझ्या पहिल्यांदा लक्षात आली ती एका निबंधामुळे. आठवीच्या वर्गाला मी 'सूर्य उगवला नाही तर' हा नेहमीचा विषय दिला होता. सगळ्या वह्यांत शेवटी आईने हाक मारली होती आणि लिहिणारा झोपेतून जागा झाला होता. छायाच्या वहीत कोणीच जागं झालं नाही. कोंबड्या खुराड्यातून निघत नव्हत्या, गावाने लाइनमनला कोंडून ठेवलं होतं आणि अंधाराचं काय करायचं यावरून ग्रामसभेत भांडण लागलं होतं.

"शेवट कुठे आहे?" मी विचारलं.

"सर, सूर्य उगवलाच नाई, तं आई सकाळी कशी उठवीन?"

तरी मी पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. शुद्धलेखन फार वाईट होतं. ते अजूनही तसंच आहे, म्हणून तिचं लिखाण छापायला जाण्याआधी माझ्याकडे येतं.

आमचं गाव अमडापूरपासून जवळ. छायाचं लग्न गावातच झालं. ती आणि तिचा नवरा गोविंदा थोड्या जमिनीत मिरची-वांगी लावतात. दुपारी वावरातून आली की ती विज्ञानकथा लिहिते. सोयाबीनची ओल मोजणारं व्यापाऱ्याचं यंत्र हळूहळू खोटं बोलायला शिकतं, ही तिची पहिली छापून आलेली कथा. गावाने ती कथा म्हणून वाचलीच नाही. "यात नवीन काय सांगतलं?" असं सगळे म्हणाले.

सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा भगवानराव तिच्या घरी आले. गावातलं एक पॅनल ते चालवतात. "तुह्यं नाव पेपरात येते, लोकं वळखतात," ते म्हणाले. त्यांना नाव हवं होतं; छायाला पद हवं होतं. तिने ते लपवलं नाही. "सर, कागदावर लय गावं चालवली," ती मला म्हणाली, "आता एक खरंच चालवून पाह्याचं हाये." तिच्या पत्रकातलं पहिलं वचन होतं, गावाच्या विहिरीवर सौरपंप आणि नळाला दिवसभर पाणी.

समोर सोजराबाई उभ्या होत्या. मोजणीत दोघींची मतं सारखी भरली. मग तहसीलमध्ये ईश्वरचिठ्ठी टाकली गेली आणि सोजराबाईंचं नाव निघालं.

परतताना जीपमध्ये छाया रडली नाही. ती म्हणाली, "सर, दुसरी चिठ्ठी निघाली असती तं?"

हा प्रश्न तिने मनातल्या मनात दोन वर्षं वागवला आणि मग जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात तिची कथामाला सुरू झाली. गाव आमचंच, माणसं आमचीच, फक्त त्या दिवशी दुसरी चिठ्ठी निघाली होती आणि छाया सरपंच झाली होती. लोक गुरुवारी अंकाची वाट पाहू लागले. गावात दोन सरपंच झाल्या, 'इकडची' आणि 'तिकडची'. तिकडे दिवे लागले की इकडे सोजराबाईंना जाब विचारला जाई.

"तिकडचीले काय जाते?" सोजराबाई म्हणत. "तिले बिल पास करा लागत नाई!"

पुंजाजी नावाचे म्हातारे शेतकरी तर एक दिवस छायाच्या दारात येऊन बसले. "पोरी, तिकडं तू माह्या वावराचा पांदण रस्ता केला. आता इकडच्या सरपंचाले तेवढी शिफारस दे." तिची सासू वच्छलाबाई दर गुरुवारी एकच विचारत, "मी तिकडं जित्ती हाव का वं?"

"हाव, आत्या. ठणठणीत."

"मंग वाच पुढं."

निवडणुकीला वर्षभर राहिलं तेव्हा भगवानराव पुन्हा आले. मी ओसरीवर बसून पुढच्या भागातल्या वेलांट्या दुरुस्त करत होतो. तेच कागद त्यांनी हातात घेतले आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. तिकडच्या सरपंचाने सौरपंप बसवला होता. ऊन फुकटचं, म्हणून पंप थांबेना. पाणी फुकटचं, म्हणून कोणी नळ बंद करीना. होळीला विहिरीचा तळ दिसला आणि बाया रिकामे हंडे घेऊन छायाच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुले तिकीट देऊन राह्यलो मी," भगवानराव म्हणाले, "अन् तू सोताच्याच हातानं सोताले पाडून राह्यली?"

"भाऊ, मी ते पत्रकात लिवलं होतं. लिवता लिवता समजलं का हे असंच झालं असतं."

"अवं, मंग होळीच्या जागी पोळा कर ना! विहिरीत पानी राह्यते!"

गोविंदा हसला. छायाही हसली, पण कागद तिने परत मागून घेतले. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, अजून सरपंच व्हायचंय ना?

"होऊ वाटते ना, सर. लय वाटते." कागद नीट लावत ती म्हणाली, "पन विहीर आटली ते आटली."

तो भाग जसाच्या तसा छापून आला. भगवानरावांनी पुढच्या आठवड्यात आपल्या रुपाली नावाच्या सुनेला उमेदवार ठरवलं. छाया दोन दिवस मिरच्या तोडत राहिली.

तिसऱ्या दिवशी सोजराबाई अंक घडी करून हातात घेऊनच आल्या. ग्रामपंचायतीला सौरपंप मंजूर झाला होता आणि ते त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"काऊन वं, तुले कोनं सांगतलं? माह्यावर लिवलं तू हे?"

"नाई काकू. माह्यावर लिवलं."

सोजराबाई ओसरीवर टेकल्या. पाणी प्यायल्या. मग हळूच विचारलं, "खरंच आटीन का?"

दोघी संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. मी मध्ये फक्त चहा प्यायलो. पंप बसवायचा, पण दिवसभर चालवायचा नाही; टाकी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा भरायची, आणि पंपाच्या खोलीला कुलूप लावायचं.

"अन् चाबी कोनापाशी ठेवाची?" सोजराबाई म्हणाल्या. "माह्यापाशी ठेवली तं माह्या घरचेच पह्यले मांगतीन. जावई तं हक्कानं मांगीन."

ग्रामसभेत त्यांनीच पाणी समितीसाठी छायाचं नाव सुचवलं. भगवानरावांनी विरोध केला नाही; त्यांच्याही घरी त्या विहिरीचंच पाणी येतं. यंदा होळीला मी मुद्दाम विहिरीवर जाऊन डोकावलो. पाणी होतं, नेहमीपेक्षा थोडं खालीच, पण होतं. पुंजाजींचा पांदण रस्ता मात्र इकडे अजून झालेला नाही आणि ते छायाला त्याची आठवण करून देत असतात.

छाया सध्या गावाच्या पाणी समितीची अध्यक्ष आहे. सकाळी पंप सुरू करून ती मिरचीच्या वावरात जाते, आणि खोलीची किल्ली तिच्याकडेच असते.