सोनकांबळे सरांचं हवा मोजायचं मशीन

तीन शिक्षक रोज एकाच गाडीतून वसमतहून शिरड शहापूरला जायला लागले, की किस्से जमवावे लागत नाहीत. आपोआप साठतात. आमचे बहुतेक किस्से हवेचे आहेत.

गाडी सोनकांबळे सरांची. घेतली ती त्यांच्या बाबांसाठी. बाबा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. गुडघे गेलेले, बसच्या पायऱ्या चढताना डोळ्यांत पाणी यायचं. पण बाबा गाडीत बसेनात!

"चाकात हवा किती हाय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"असंल की बराबर."

"असंल म्हणनाऱ्याच्या गाडीत मी न्हाई बसत!"

सरांना ते फार लागलं. हवा मोजायचं डिजिटल मशीन घ्यायचं ठरलं.

*

निवड स्टाफरूममध्ये झाली. विज्ञानाच्या खिल्लारे बाई म्हणाल्या, खिशात मावेल असं घ्या. मला अंधारात आकडा दिसणारं हवं होतं. सरांना आवडलं ते चार मापांत हवा सांगणारं.

"एका हवेला चार मापं काहून?" बाईंनी विचारलं.

"बाबांनी कोणतंही विचारलं तरी उत्तर पाहिजे!"

*

मशीन आलं. पहिल्याच चाकाला लावलं, तर आकडा दोन पॉइंट दोन!

"बत्तीस पाहिजे, दोनच निघाली!" सरांचा चेहरा पडला. टायर खराब होऊ नये म्हणून आम्ही गाडी ढकलत पंपावर नेली. हवा भरणाऱ्यानं मशीनचं एक बटन दाबलं. माप बदललं, बत्तीस आलं.

"घरूनच बटन दाबून यायचं की, सर!"

*

मग नवीनच सुरू झालं. सकाळी घरी मोजली की अठ्ठावीस. सर बत्तीसपर्यंत भरायचे. शाळेत पोचल्यावर मोजली की छत्तीस. सर चार सोडून द्यायचे. आठवडाभर हेच.

शनिवारी बाई म्हणाल्या, "सर, चाक तापलं की आकडा वाढतो. हवा गार चाकाची मोजतात."

"मग आधी सांगायचं ना!"

"मला वाटलं, तुमी प्रयोग करून राहिलात!"

*

वसमतचे पंक्चरवाले चाचा चाकावर अंगठा दाबून हवा सांगतात. सरांनी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. चाचा म्हणाले, "तीस." सरांनी मशीन लावलं. तीस!

चाचांनी मशीन हातात घेऊन उलटंपालटं केलं. "मशीन अच्छा है, सर. बराबर बोलता है."

*

औंढ्याला नात्यातलं लग्न होतं. आम्हीही निघालो होतो. सरांनी गाडी दारात लावली आणि मशीन बाबांच्या हातात दिलं. बाबांनी गुडघे धरत, वाकून एकेक चाक मोजलं. डिकीतलं स्टेपनीचंही सोडलं नाही. सगळीकडे बत्तीस.

"बराबर हाय," बाबा म्हणाले.

सरांनी पटकन पुढचं दार उघडलं. इतकं खूश आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"चालवनार कोन?" बाबांनी विचारलं.

"मीच की, बाबा."

बाबांनी मशीन सरांच्या हातात ठेवलं, पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालू लागले.

आम्ही एसटीच्या मागेमागे निघालो. बाबा शेवटच्या सीटवर वळून बसले होते आणि मागच्या काचेतून आमची चाकं बघत होते. सरांनी औंढ्यापर्यंत ती बस ओव्हरटेक केली नाही.